उभ्या गाडीचे व्याज

सुरतेच्या उधना-सचिन पट्ट्यात साधे यंत्रमाग काढून वॉटरजेट लूम बसवायची की नाही, हे ठरवताना खातेदार, म्हणजे मागांच्या कारखान्याचा मालक, सगळ्यात आधी एक गोष्ट विचारतो: ती दिवसाचे किती तास चालणार? वॉटरजेट महाग, पण मीटरमागे पडणारा खर्च कमी. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत ती रात्रंदिवस चालली तर तिचे कर्ज तिचे कापडच फेडते. मंदीत आठवड्यातले तीन दिवस बंद राहिली तर व्याज मालकाला खाऊ लागते, आणि शेजारच्या गाळ्यातला खडखडणारा जुना माग, ज्याचे पैसे केव्हाच फिटले आहेत, तोच शहाणा ठरतो. या धंद्यात वाढलेल्या पोरालाही हे समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की हाच खातेदार गाडी घ्यायला शोरूममध्ये शिरला की हा हिशेब बाहेर पायरीवर ठेवून जातो. ‘किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया’ हे एक वाक्य त्याला पुरते. गाडी दिवसाचे किती तास फिरणार, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, आणि विक्रेता तर मुळीच विचारत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की इलेक्ट्रिक गाडी ही वॉटरजेट लूम आहे. ती स्वस्त आहे का, या प्रश्नाला गाडीपाशी उत्तर नाही. ते उत्तर आहे गाडी वर्षाला किती किलोमीटर फिरते आणि रात्री कुठे उभी राहते, या दोन गोष्टींत. पेट्रोलच्या गाडीत इंधनाचे पैसे आपण पंपावर, लागतील तसे, वर्षानुवर्षे देतो. इलेक्ट्रिक गाडीत त्यातले बरेचसे पैसे पहिल्याच दिवशी बॅटरीच्या रूपाने मोजतो. बॅटरी म्हणजे आगाऊ भरलेले इंधन. आगाऊ भरलेल्या पैशावर व्याज चढते, आणि गाडी फिरो वा न फिरो, ते चढतच राहते.

हे नुसते रूपक नाही, बाजारात त्याला भावही लागला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातेतल्याच हालोलच्या कारखान्यात बनणारी एमजी विंडसर बाजारात आली, तेव्हा कंपनीने दोन किमती सांगितल्या. बॅटरीसकट घ्यायची तर १३.५० लाख, बॅटरी भाड्याने घ्यायची तर ९.९९ लाख आणि वर दर किलोमीटरला साडेतीन रुपये. दोन्हींतला फरक साडेतीन लाख. साडेतीन लाखांना साडेतीन रुपयांनी भागा, बरोबर एक लाख किलोमीटर येतात. या भाड्यात विजेचे पैसे धरलेले नाहीत, ते वेगळे. म्हणजे ‘सव्वा रुपयात किलोमीटर’ म्हणून ज्या गाडीची ओळख करून दिली जाते, तिच्या बॅटरीचे भाडे आणि वीज मिळून किलोमीटर पावणेपाच रुपयांच्या पुढे जातो. बॅटरी विकत घेणाऱ्यालाही हा खर्च टळत नाही. तो फक्त पावतीवर दिसत नाही.

आता सुरतेचे आकडे मांडू. २०२५ अखेरचे भाव धरले आहेत आणि सोयीसाठी पूर्णांकात आणले आहेत. एकाच अंगाच्या दोन छोट्या एसयूव्ही घ्या, एक पेट्रोलची आणि एक पंचेचाळीस युनिट बॅटरीची. रस्त्यावर येईपर्यंत दोघींच्या किमतीत साडेतीन लाखांचा फरक पडतो. पेट्रोल लिटरला साडेचौऱ्याण्णव रुपये आणि शहरातले मायलेज १५ धरले, तर किलोमीटरला ६ रुपये ३० पैसे. घरची वीज इंधन अधिभार आणि वीजशुल्क धरून युनिटला ८ रुपये. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मोजली तर भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे ६ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, त्याचे आणखी पन्नास पैसे इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूला मांडू. एकूण बचत किलोमीटरला साडेपाच रुपये. डिंडोलीहून रिंग रोडच्या कापड मार्केटला रोज जाऊन येणाऱ्याची गाडी दिवसाला वीस किलोमीटर चालते. रविवारची डुमसची फेरी आणि वर्षातले दोन-तीन मोठे प्रवास धरले तरी वर्षाचे आठ हजार किलोमीटर होतात. त्याची वार्षिक बचत ४४ हजार. साडेतीन लाख आठ वर्षांत वसूल, असे म्हणून विक्रेता इथेच थांबतो. पण तेच साडेतीन लाख मुदतठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर पहिल्या वर्षी साडेचोवीस हजार व्याज आले असते. ते धरले की वसुलीला आठऐवजी बारा वर्षे लागतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला, व्याज धरूनही, पाच वर्षांच्या थोडे पुढे. आणि पंचवीस हजार फिरणाऱ्याला तीन वर्षेसुद्धा नाहीत. गाडी तीच, बॅटरी तीच, वीजही तीच. फरक पडला तो ओडोमीटरमुळे.

सुरतेतला मराठी वाचक बहुधा पुण्या-मुंबईत मांडलेली गणिते वाचतो, आणि तिथे आणखी एक घोटाळा होतो. महाराष्ट्रात पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी महाग आहे. नवापूरच्या सीमेवर महाराष्ट्रातल्या गाड्या गुजरातच्या बाजूला जाऊन टाकी भरतात ती काही उगाच नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर अकरा टक्के वाहनकर आहे आणि इलेक्ट्रिकला तो माफ. एवढ्या एका फरकात लाखभर रुपये सुटतात. गुजरातेत पेट्रोल गाडीवरचा कर मुळातच सहा टक्के. इलेक्ट्रिकवरही सहाच टक्के होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच टक्क्यांची सूट देऊन तो एक टक्क्यावर आणला, आणि ती सूट जाहीर झाली ती ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीने. सूट नसेल तर काय होते ते पाहा. नऊ-दहा लाखांच्या गाडीवर सहा टक्के आणि साडेतेरा लाखांच्या गाडीवर सहा टक्के, म्हणजे इलेक्ट्रिकवाल्याने पेट्रोलवाल्यापेक्षा वीस-पंचवीस हजार जास्तच भरायचे. टक्केवारी सारखी असली की महाग वस्तूवर जास्त कर पडतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. उलट बाजूने, महाराष्ट्रात घरगुती वीज शंभर युनिटांच्या पुढे चांगलीच महागते. सुरतेत टोरेंट या वीज कंपनीच्या बिलाची चढण तेवढी तीव्र नाही. म्हणजे इथे पेट्रोलही स्वस्त आणि वीजही. पुण्याचे गणित इथे लावले तर दोन्ही बाजूंनी चुकते.

सरकारी सवलतींचे एक वैशिष्ट्य असे की त्या जाहिरातीत मोठ्या आणि पावतीत लहान दिसतात. इलेक्ट्रिक गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर पंधरा टक्के सूट आहे, हे सगळे सांगतात. पण २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत पेट्रोल गाडीचा गट इंजिनच्या सीसीवर ठरतो आणि इलेक्ट्रिकचा मोटरच्या किलोवॉटवर. बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये. तिच्याच अंगाच्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर पासष्ट किलोवॉटच्या पुढे असेल तर ती थेट वरच्या गटात जाते आणि सूट धरूनही ६,७१२ रुपये पडतात. गाडीची किंमत जास्त म्हणून बाकीच्या विम्याचा हप्ताही जास्त. देखभालीत वाचलेल्या पैशातला मोठा भाग असा विम्यात जातो. मी वर पन्नासच पैसे धरले ते म्हणूनच. जीएसटीचे तर आणखी उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर उपकर धरून २९ टक्क्यांवरून १८ वर आला. इलेक्ट्रिकवरचा पाचच टक्के होता तो तिथेच राहिला. दहा लाखांची पेट्रोल गाडी त्या दिवशी साधारण पंच्याऐंशी हजारांनी स्वस्त झाली आणि त्याआधी छापलेली सगळी तुलनापत्रके रद्दी झाली.

सुरतेतला खरा प्रतिस्पर्धी मात्र पेट्रोल नाहीच. हाजिऱ्याला वायू किनाऱ्यावर येतो आणि तिथूनच ती प्रसिद्ध हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी उत्तरेकडे निघते. घराघरांत नळाने आणि पंपावर नोझलने गॅस देण्यात हे शहर देशात आधीपासून पुढे आहे. रिक्षावाल्यापासून हिरे दलालापर्यंत ज्याला इंधनाचा खर्च डोळ्यात खुपतो तो इथे आधी सीएनजीकडे वळतो. किलोला ८० रुपयांच्या आसपास भाव आणि २२ किलोमीटरचे मायलेज धरले तर किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा लाखभराने महाग, म्हणजे इलेक्ट्रिकशी फरक उरला अडीच लाखांचा. किलोमीटरमागची बचत, देखभाल धरून, उरली २ रुपये ८० पैसे. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे अडीच लाख, व्याज धरून, आठ वर्षांनी वसूल होतात, आणि नेमकी तिथेच बॅटरीची नेहमीची आठ वर्षांची हमी संपते. आठ हजार फिरणाऱ्याला बावीस वर्षे लागतात. गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. पेट्रोल विरुद्ध इलेक्ट्रिक असा सामना लावला की इलेक्ट्रिक उठून दिसते. सीएनजीला मैदानात उतरवले की निकाल बराच वेळ लोंबकळतो. म्हणूनच बहुधा जाहिरातीत तिला उतरवत नाहीत. सीएनजीच्या बाजूचे सगळे गोडच आहे असे नाही. डिकीत टाकी बसते, पंपावर रांग लागते, आणि भावही कायमचा नाही. युक्रेनच्या युद्धाच्या सुमारास सीएनजीने घेतलेली उडी लोक विसरलेले नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी वायू सरकारने कमी केला, तेव्हा आयात वायूची झळ पुन्हा जाणवली.

आता रात्रीच्या जागेकडे येऊ. कारण वरचा सगळा हिशेब ८ रुपयांच्या विजेवर उभा आहे, आणि ती वीज फक्त घरच्या प्लगला मिळते. वेसू, पाल, अडाजणच्या नव्या सोसायट्यांत तळघरात आखलेले पार्किंग असते, भिंतीला सॉकेट बसवता येते. केंद्राच्या २०१९ च्या आदर्श बांधकाम नियमांत तर नव्या इमारतीतल्या पाचव्या हिश्शाच्या पार्किंगला चार्जिंगची सोय असावी असे आहे. लिंबायत, नवागाम, डिंडोली, उधना या खानदेशातून आलेल्या मराठी माणसांच्या वस्त्यांत घर बारा-पंधरा फुटी रो-हाउस, किंवा जुन्या अपार्टमेंटमधला दुसरा मजला. गाडी गल्लीत, जिथे जागा मिळेल तिथे. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून चार्जिंग करणे धोक्याचे, आणि शेजाऱ्यांशी भांडणाचेही. अशा घराला सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहावे लागते. तिथे १८ टक्के जीएसटी धरून युनिटचे वीस रुपये पडले तर किलोमीटरचे ३ रुपये ३३ पैसे झाले, म्हणजे जवळपास सीएनजीचा भाव, वर चार्जरपाशी तास-दीड तास बसणे. या भावाने पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्यालाही पेट्रोलच्या तुलनेत वसुलीला नऊ-साडेनऊ वर्षे लागतात. आठ हजारवाल्याची बचत आणि त्याचे गेलेले व्याज यांत नावापुरताच फरक राहतो. दुसऱ्या टोकाला ज्याच्या छतावर सौर पॅनेल आहेत तो. तीन किलोवॉटची यंत्रणा वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट देते आणि फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तिला ७८ हजारांचे अनुदान आहे. घरात न वापरलेली वीज वीज कंपनी युनिटला सव्वादोन रुपयांनी घेते. मग तीच वीज गाडीत भरली तर त्या घराला युनिटची खरी किंमत पडली सव्वादोन रुपये, किलोमीटर सदतीस-अडतीस पैशांत. एकाच शहरात, एकाच मॉडेलच्या गाडीला किलोमीटर अडतीस पैशांतही पडतो आणि सव्वातीन रुपयांतही. छप्पर आणि ओटा ज्याच्या मालकीचा, त्याला ही गाडी स्वस्त.

यावर पहिला आक्षेप नेहमी बॅटरीचा येतो: आठ वर्षांनी ती गेली की सगळे मुसळ केरात. ही भीती मला वाजवीपेक्षा मोठी वाटते. बॅटरी संपते म्हणजे एका सकाळी मरत नाही, तिची धाव हळूहळू कमी होते. तीनशे किलोमीटरची अडीचशेवर आली तरी शहरातल्या माणसाचे काही अडत नाही. लोह-फॉस्फेट रसायनाच्या बॅटऱ्या तर उष्णता आणि रोजचे चार्जिंग बऱ्यापैकी सोसतात. बॅटरीचा भावही उतरतो आहे. २०२४ मध्ये जगभरातला सरासरी भाव किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होता, आधीच्या वर्षापेक्षा वीस टक्क्यांनी कमी. त्या भावाने पंचेचाळीस युनिटची बॅटरी साडेचार लाखांच्या आसपास जाते. ग्राहकाच्या हातात येईपर्यंत जास्त पडेल, पण दहा वर्षांनी तो आकडा हा नसेल. या आक्षेपात दडलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. बॅटरी दोन घड्याळांवर म्हातारी होते, एक किलोमीटरचे आणि एक कॅलेंडरचे. हमी असते आठ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. वर्षाला आठ हजार फिरणाऱ्याचे आठ वर्षांत चौसष्ट हजार किलोमीटर होतात. हमीतले साठ टक्के किलोमीटर त्याने न वापरताच टाकून दिले. बॅटरी बिघडण्याची काळजी सगळ्यात जास्त तोच करतो, आणि वाया घालवतोही तोच.

दुसरा आक्षेप पुनर्विक्रीचा, आणि तो मात्र खरा आहे. सुरतेला तो समजावून देण्याची गरज नसावी. प्रयोगशाळेतला हिरा याच शहराने मोठा केला. रिअॅक्टर वाढले, माल वाढला, भाव कोसळला. ज्यांनी आधीच्या भावाने माल भरून ठेवला त्यांना तो विकताना घाम फुटला, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांना तोच दगड निम्म्याहून कमी किमतीत मिळाला. खाणीतल्या हिऱ्याच्या भावाला निदान टंचाईचा आधार असतो. कारखान्यातल्या मालाला नसतो. बॅटरीचेही तसेच. तिचा भाव उतरणे ही नव्या ग्राहकाची चैन आणि जुन्या मालकाची शिक्षा. तीन वर्षांपूर्वी घेतलेली गाडी विकायला काढावी, तर नवी गाडी जास्त धावेची आणि कमी किमतीची, शेजारीच उभी. (घसारा हा शब्द इथे दोन अर्थांनी शोभतो: कतारगाम-वराछ्यात हिरे ‘घासतात’, आणि घासल्यावर त्यांची किंमत वाढते. गाडीचे उलटे आहे, तिची किंमत न घासताही उतरते.) शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या नफ्यावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर नेला; म्हणजे जुन्या बाजारात इलेक्ट्रिकला होती ती छोटी सवलतही गेली. दर चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असलेल्या घराने इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब इंधनापाशी थांबवू नये. त्याचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो: पेट्रोल तर महागतच जाणार, मग आजच्या भावाने बारा वर्षांचे गणित कसे मांडता? ऐकायला बिनतोड. पण मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आठ रुपयांनी कमी केल्यावर पंपावरचा भाव जवळपास दोन वर्षे हलला नाही. मार्च २०२४ मध्ये तो दोन रुपयांनी उतरला आणि २०२५ सरेपर्यंत पुन्हा तिथेच राहिला. या काळात कच्चे तेल वर गेले, खाली आले; पंपावर काही उमटले नाही. पेट्रोलचा भाव जितका अरबस्तानात ठरतो तितकाच दिल्लीत आणि गांधीनगरलाही ठरतो, आणि निवडणुका तिथेच होतात. त्याहून महत्त्वाचे असे की पेट्रोलवरचा कर हा सरकारांचा मोठा मिळकतीचा झरा आहे. गाड्या विजेवर गेल्या तर तो आटेल, आणि सरकार दुसरीकडे विहीर खोदेल. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता आणि त्याच महिन्यात मागे घेतला. मागे घेतला हे खरे, पण सुचला होता हेही खरे. बारा वर्षांच्या हिशेबात पेट्रोल महागण्याची शक्यता धरायची असेल तर इलेक्ट्रिकवर कर बसण्याचीही धरली पाहिजे.

चौथा मुद्दा आक्षेपापेक्षा सवयीचा आहे. सुरतेतला खानदेशी माणूस आखाजीला, लग्नसराईला गावी जातो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, धुळे करत जळगाव तीनशेच्या वर किलोमीटर, आणि चरणमाळचा किंवा कोंडाईबारीचा घाट चढायचा तर बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून तो तीस युनिटऐवजी पंचेचाळीसची बॅटरी घेतो आणि वर दीडेक लाख मोजतो. वर्षातल्या दोन खेपांसाठी. दीड लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला साडेदहा हजार व्याज होते. तेवढ्यात दोन वेळा गाडी भाड्याने करून कुटुंब गावी जाऊन येते, आणि उधन्याहून जळगावला रेल्वे आहेच. मोठी बॅटरी ही पुष्कळदा प्रवासाची गरज नसते, प्रवासाच्या भीतीचा विमा असतो, आणि तो महाग पडतो.

डिझेलबद्दल फार लिहायला नको. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळपास गेल्या. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत त्यांचा धुराचा फिल्टर तुंबतो. रोज शंभर किलोमीटर महामार्गावर असणाऱ्यालाच ती परवडते, आणि त्याला आता इलेक्ट्रिकही परवडू लागली आहे. पुराचे मात्र सुरतेत विसरून चालत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता, आणि मीठी खाडी तर आजही पावसाळ्यात लिंबायतच्या गल्ल्यांत शिरते. चांगली बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी बांधलेली असते; दोन दिवस पाण्यात उभी राहावी अशी नाही. पेट्रोलच्या गाडीतही पाणी इंजिनात गेले की दुरुस्ती मोठीच, पण तिथे गाडीच्या किमतीचा एवढा मोठा भाग एका पेटीत कोंडलेला नसतो. खाडीकाठच्या माणसाने विमा घेताना बॅटरीसाठीचे वेगळे संरक्षण घेतलेच पाहिजे, आणि त्याचा हप्ताही खर्चात धरला पाहिजे.

हे सगळे एकत्र ठेवले की एक विसंगती डोळ्यांत भरते. इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात जास्त परवडते ती दिवसभर फिरणाऱ्याला: टॅक्सीवाल्याला, मार्केट ते प्रोसेसिंग हाउस अशा चार फेऱ्या मारणाऱ्या कापड दलालाला, साड्यांचे पार्सल ट्रान्सपोर्टला पोचवणाऱ्या टेम्पोला. ती घेतो मात्र बहुधा तो, ज्याच्या घरी ही दुसरी गाडी असते, मुलांना क्लासला सोडायला. धोरणाने ही विसंगती मिटवण्याऐवजी वाढवली. गुजरातच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासाला दहा हजार रुपये दिले, चारचाकीला कमाल दीड लाख. म्हणजे अनुदान बॅटरीच्या आकारावर ठरले. ती बॅटरी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर ओढते की पाच हजार, हे कोणी विचारले नाही. वेसूच्या तळघरात उभ्या राहिलेल्या मोठ्या बॅटरीला जितके पैसे मिळाले, तितकेच दिवसभर फिरणाऱ्या तेवढ्याच बॅटरीला. त्या पैशातून लिंबायतच्या गल्लीत खांबाखांबाला घरच्या दराची सॉकेट बसवली असती, तर धूरही जास्त कमी झाला असता आणि गाडी घेणारेही बदलले असते. वीज आणणे अवघड नव्हते. सुरतेच्या अवतीभोवती उकाईचे पाणी आहे, काक्रापारची अणुभट्टी आहे, कामरेजजवळचे सुजेन गॅस केंद्र आहे. अडचण शेवटच्या वीस फुटांची, गल्लीतल्या खांबापासून गाडीच्या तोंडापर्यंतची आहे.

म्हणून मला सुरतेतला सगळ्यात शहाणा इलेक्ट्रिक सौदा नव्या शोरूममध्ये दिसत नाही. तो दिसतो तीन-चार वर्षे जुन्या गाडीत. कमी फिरणाऱ्या पहिल्या मालकाने तिचा मोठा घसारा सोसलेला असतो, किलोमीटर थोडे झालेले असतात, आणि आठ वर्षांच्या हमीतली चार-पाच वर्षे शिल्लक असतात. तीच गाडी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणाऱ्याने निम्म्या किमतीच्या आसपास उचलली आणि दाराशी एक सॉकेट मिळवले, तर सीएनजीवाल्यालाही तो मागे टाकतो. बंद पडलेल्या खात्यातली चांगली लूम लिलावात उचलून दोन पाळ्यांत चालवणाऱ्याचे जे गणित, तेच हे. अशी गाडी बघायला जाताना रंग आणि टायर नंतर पाहावेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत लिहून घ्यावी. आणि हमीचा कागद वाचावा, कारण २०२५ मध्ये काही गाड्यांवर जाहीर झालेली ‘आयुष्यभराची’ बॅटरी हमी पहिल्या खाजगी मालकापुरतीच असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की किती वर्षे आणि किती किलोमीटर उरतात, ते त्याच कागदावर, बारीक अक्षरांत, लिहिलेले असते.